भयकथेवरून रॉक गाणं कसं बांधायचं: मुंबईतल्या नव्या बँडसाठी

नव्या बँडचं पहिलं भयगाणं बहुधा भुताच्या नावापाशी अडकतं. कोरसमध्ये ते नाव आठ वेळा ओरडलं जातं आणि दुसऱ्या खेपेलाच त्यातली भीती विरलेली असते. अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) आणि 'वीअर्ड टेल्स' या मासिकात त्याच्या आगेमागे लिहिणारी मंडळी नेमकं उलट करत. दाखवायचं कमी, सुचवायचं जास्त, आणि माणूस या पसाऱ्यात किती किरकोळ आहे याची जाणीव हळूहळू अंगावर आणायची. रॉकने या कथांकडून नावं पुष्कळ उचलली, पण टिकली ती गाणी ज्यांनी ही रीत उचलली. पुढच्या पायऱ्या तीच रीत मराठी गाण्यात कशी आणायची यासाठी आहेत. गिटार, बास, ड्रम आणि एक गळा एवढं गृहीत धरलं आहे.

काय काय लागेल

- गोष्टीची स्वतःची प्रत आणि पेन्सिल. फोनवर वाचून खुणा राहत नाहीत.
- १०–५२ किंवा ११–५४ मापाच्या तारांचा सेट, क्लिप ट्यूनर, आपल्या गिटारच्या ट्रस रॉडला (मानेतल्या सळईला) बसणारी ॲलन की.
- मेट्रोनोम आणि बरे हेडफोन.
- ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर वेव फाइल करणारा रेकॉर्डर किंवा तसं ॲप.
- गाणं प्रसिद्ध करायचं असेल तर पॅन, बँक खात्याचा तपशील, लेखकाच्या हक्काची लेखी परवानगी (लागत असल्यास) आणि बँडमधल्या वाटणीचा सह्या केलेला कागद.

१. ऐका, पण गोष्ट शेजारी ठेवून

लव्हक्राफ्टची 'द म्युझिक ऑफ एरिक झान' (१९२२) आधी वाचा. कथा छोटी आहे, एका बैठकीत होते. माळ्यावरच्या खोलीत राहणारा एक मुका वादक रात्री खिडकीबाहेरच्या कशाला तरी थोपवण्यासाठी वाजवत असतो. बाहेर काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. तो ज्या कागदांवर सगळं लिहून ठेवतो तेही वाऱ्यावर उडून जातात. वादकांसाठी याहून चांगला पहिला धडा नाही.

मग ही गाणी, याच क्रमाने:

'ब्लॅक सॅबथ' (१९७०). त्याच नावाच्या बँडच्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं. सुरुवातीला पाऊस, गडगडाट, चर्चची घंटा आणि मग तीन सुरांचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा. बँडचं नाव एका भयपटावरून घेतलेलं. याच अल्बममधल्या 'बिहाइंड द वॉल ऑफ स्लीप'चं शीर्षक लव्हक्राफ्टच्या एका कथेच्या शीर्षकाची आठवण करून देतं, पण गाणं ती कथा सांगत नाही.

'द कॉल ऑफ कटुलू', मेटॅलिका (१९८४). सुमारे नऊ मिनिटं, एकही शब्द नाही. बँडला लव्हक्राफ्टची गोडी लावली ती बासिस्ट क्लिफ बर्टनने. ज्या कथेवरून हे नाव आलं ती १९२८ची आहे, आणि तिच्यातल्या प्राण्याचं नाव (थूलू, कटुलू, जसं जमेल तसं) माणसाच्या तोंडी नीट बसूच नये असं बेतलेलं आहे. गाण्यात त्यावरचा उपाय म्हणजे कुणीच काही म्हणत नाही.

'द थिंग दॅट शुड नॉट बी', मेटॅलिका (१९८६). इथे शब्द आहेत, गिटार एक पूर्ण स्वर खाली उतरवलेली आहे आणि चाल मुद्दाम जड आहे.

'राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर', आयर्न मेडन (१९८४). पावणेचौदा मिनिटं. इंग्रज कवी कोलरिजची १७९८ची कविता अथपासून इतिपर्यंत सांगितलेली आहे. मधे जहाज निश्चल होतं तिथे गाणंही जवळजवळ थांबतं. कथा पूर्ण सांगायचीच असेल तर अशी थांबण्याची जागा ठेवावी लागते.

प्रत्येक गाणं ऐकताना एकच नोंद करा: या बँडने गोष्टीतून काय घेतलं? नाव, कथानक, वातावरण की बांधणी? वहीत चार रकाने पाडले की पुरे. नुसतं नाव घेतलेली गाणी कोणती ते लगेच दिसेल. हॉकविंडसारख्या बँडने तर लेखक मायकेल मूरकॉकलाच सोबत घेतलं. त्यांचा १९८५चा अल्बम त्याच्या एल्रिक कथांवर आहे. ही वाट खुली असते, पण त्यासाठी लेखक जिवंत आणि मित्र असावा लागतो.

२. गोष्ट निवडा आणि हक्क तपासा

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ती मोजायची मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून. त्यामुळे पो, स्टोकर, लव्हक्राफ्ट, आर्थर मॅकन हे सगळे इथे मोकळे आहेत. 'वीअर्ड टेल्स'मधलाच क्लार्क ॲश्टन स्मिथ १९६१मध्ये वारला, म्हणजे तो २०२२पासून मोकळा. ऑगस्ट डर्लेथ (मृत्यू १९७१) २०३१ संपेपर्यंत बांधलेला. थूलूच्या दंतकथेत नंतर घातलेल्या बऱ्याच गोष्टी डर्लेथच्या आहेत, तेव्हा 'हे लव्हक्राफ्टचंच' असं समजून उचलाल आणि फसाल.

मराठीत सगळ्यात मोठा मोह इथेच आहे. नारायण धारप २००८मध्ये गेले, त्यांचा हक्क २०६८ अखेरपर्यंत. रत्नाकर मतकरी २०२०मध्ये गेले, म्हणजे २०८०. जी. ए. कुलकर्णी १९८७मध्ये, म्हणजे २०४७. कथेची निव्वळ कल्पना कुणाच्या मालकीची नसते. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये ते स्पष्ट केलं. पण पात्रांची नावं, प्रसंगांची साखळी आणि वाक्यं जशीच्या तशी घ्यायची असतील तर वारसांची लेखी परवानगी हवी. फोनवरच्या 'हो, करा की'ला काही अर्थ नाही. परवानगीत मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गाणं स्ट्रीमिंगवर गेलं की ते भारतापुरतं कसं राहणार?

बाहेरच्या देशांतली मुदत वेगळी आहे. अमेरिकेत जुन्या छापील लेखनाचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षांपर्यंतही चालू शकतो. म्हणून स्मिथसारख्या लेखकाची ओळ जशीच्या तशी गाण्यात घालू नका.

३. आपल्याकडचं भूत घ्या, पण देव आणि शेजारी वगळून

लोककथेवर कुणाचा हक्क नाही, आणि मुंजा, हडळ, खवीस, जखीण, गिऱ्हा, चकवा ही यादी कोकणातल्या कुठल्याही घरात मिळते. तरी दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा देवस्थानांचा. वेताळ कथेत भुतांचा राजा असेल, पण आरवलीचा वेतोबा जागृत ग्रामदैवत आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. त्याला अल्बमच्या कव्हरवर रक्त पिताना दाखवलंत तर ती भयकथा राहत नाही. मुद्दाम धार्मिक भावना दुखावण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आहे, पण त्याच्या आधी तुमच्याच बँडमधल्या एखाद्याची मालवणची आत्या फोन करेल.

दुसरा खड्डा जास्त निसरडा आहे. लव्हक्राफ्टच्या 'द शॅडो ओव्हर इन्समथ'मध्ये एका मासेमारी बंदरातले लोक समुद्रातल्या जिवांशी सोयरीक करून हळूहळू माणूसपण गमावतात. मुंबईत बसून ही कथा वाचली की वरळी, वेसावे, ससून डॉक डोळ्यांपुढे येतातच. तिथेच थांबा. त्या कथेतली भीती परक्या रक्ताची, सरमिसळीची आहे. लव्हक्राफ्टचा वंशद्वेष त्याच्या पत्रांतही उघड दिसतो. ती कथा कोळीवाड्यात नेली की या शहराचे सगळ्यात जुने रहिवासी राक्षस ठरतात. समुद्र हवा असेल तर समुद्र घ्या, खोली घ्या, ओहोटीला उघडं पडणारं काहीतरी घ्या. माणसांची वस्ती घेऊ नका.

चकवा मात्र फार कामाचा आहे. रात्री वाट चुकवणारा, माणसाला फिरवून फिरवून त्याच जागी आणणारा. त्याला रूप नाही, आवाज नाही. उपाय काय, तर उजाडेपर्यंत एका जागी बसून राहायचं. विचित्र कथेला लागतं ते सगळं यात आहे, आणि रिफमध्ये तो जसाच्या तसा उतरतो. तो असा:

ड्रम सरळ ४/४मध्ये ठेवा, मेट्रोनोम ६६वर. गिटारचा रिफ सात आठव्यांचा बांधा (एक आठवा म्हणजे अर्धा ठोका), म्हणजे ७/८. पहिल्या ठोक्याला दोघं एकत्र निघतात, मग प्रत्येक फेरीला गिटार ड्रमच्या एक आठवा पुढे सरकते. ५६ आठव्यांनी, म्हणजे ड्रमच्या सात मात्रागटांनी आणि रिफच्या आठ फेऱ्यांनी, दोघं पुन्हा एकाच जागी भेटतात. ६६च्या लयीत याला सुमारे २५ सेकंद लागतात. ऐकणाऱ्याला वाट बदलल्यासारखी वाटते आणि तो परत तिथेच येतो. कडव्यात शब्द या २५ सेकंदांच्या फेरीत बसवा, आणि भेटीच्या ठोक्यावर शब्द ठेवू नका. तिथे शांतताच जास्त बोचते.

इथे चुकतं ते ड्रमरकडून. गिटारच्या ओढीने तोही सातात जातो आणि सगळा डाव मोडतो. सराव करताना ड्रमरला हेडफोनमध्ये फक्त क्लिक आणि बास द्या, गिटार नको.

४. सूर

'ब्लॅक सॅबथ'चा रिफ सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम एवढाच आहे. सा आणि तीव्र मध्यम यांतलं अंतर तीन पूर्ण स्वरांचं, अष्टकाच्या बरोबर मधलं. चर्चने मध्ययुगात यावर बंदी घातली होती ही गोष्ट प्रत्येक मेटलवाला सांगतो. तसल्या बंदीचा पुरावा नाही. तेव्हा मुलाखतीत ठोकून देऊ नका.

तीव्र मध्यम म्हटल्यावर आपल्याकडे मारवा आठवतो: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. संध्याकाळची अस्वस्थता त्यात आयतीच आहे. पण पॉवर कॉर्ड म्हणजे मूळ सूर आणि त्याचा पंचम. साच्या पॉवर कॉर्डला मारवा तिथेच मेला. म्हणून मारव्यातला रिफ एकेरी सुरांत किंवा अष्टकांत वाजवा. सा आणि तीव्र मध्यम एकत्र छेडायचे असतील तर ॲम्पचा गेन निम्म्यावर आणा. पूर्ण गेनवर हे दोन सूर एकमेकांत घासून नुसता खरखराट उरतो.

भैरवी थाटाचे सूर, म्हणजे मेटलमधला फ्रिजियन, गिटारवर सोपे पडतात. त्यावर मराठी शब्द चढवले की चाल नकळत भजनाकडे घसरते. तसं व्हायला लागलं तर गंधार कोमलऐवजी शुद्ध करून पाहा.

५. गिटार उतरवा, आणि जुलैचा विचार करा

पूर्ण एक स्वर खाली, म्हणजे जाड तारेपासून डी, जी, सी, एफ, ए, डी. यासाठी १०–५२ पुरतात. सीपर्यंत जायचं तर ११–५४ ही किमान. ९–४२वर उतरवाल तर तार सैल पडून प्रत्येक ठोक्याला सूर आधी वर चढतो आणि मग खाली येतो. जाड तार नटच्या खाचेत अडकून कटकट आवाज करत असेल तर खाच रुंद करावी लागते. ते कानशीचं काम दुकानातल्या कारागिरावर सोडा. धोबीतलावापासून वांद्र्यापर्यंत ते करणारे आहेत.

तारा बदलल्या की मानेवरचा ताण बदलतो. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या फ्रेटपाशी पाहा. साधारण पाव मिलिमीटर फट हवी. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड एका वेळी अष्टमांश फेरा, मग काही तास थांबा, पुन्हा मोजा. मुंबईच्या पावसात लाकूड दमट हवेने हलतं, मेमध्ये बसवलेलं जुलैत बिघडतं. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर दोन आठवड्यांत गंज.

६. मराठी शब्द

ग्राऊलमध्ये, म्हणजे घशातून गुरगुरत गाताना, आ आणि ओ मोकळे निघतात, ई आणि ऊ गळ्यात चिरडतात. ओळीचा शेवट आ किंवा ओवर येईल असं पाहा. ख, घ, भ, ढ यांतला हकार ग्राऊलमध्ये विरतो. 'घर' आणि 'गर' एकच ऐकू येतं.

छंदाचा फायदा घ्या. छोट्या अभंगाची आठ-आठ अक्षरं ४/४वर सरळ बसतात. भुजंगप्रयाताचा प्रत्येक गण लघु-गुरु-गुरु, म्हणजे पाच मात्रांचा. तो ५/८च्या रिफवर चपखल बसतो आणि ४/४वर ओढूनताणून. एक सावधगिरी मात्र हवी. भुजंगप्रयात कानी पडला की मराठी माणसाच्या मनात मनाचे श्लोक आपोआप सुरू होतात. तो परिणाम हवा असेल तर उत्तम, नको असेल तर गणांच्या मधे एक रिकामी मात्रा घाला.

शब्दांतून रक्त, कवटी, स्मशान, अमावस्या काढून टाका आणि गाणं उरतं का पाहा. उरत असेल तर ते शब्द परत घालायची गरज नाही. चकव्याच्या गाण्यात 'चकवा' हा शब्द एकदाही नको. त्याऐवजी दुसऱ्यांदा दिसलेलं तेच कुंपण, तीच विहीर, तोच उजव्या पायाला लागलेला दगड.

७. पाऊस आणि घंटा

पत्र्यावरचा पाऊस फोनवर घ्या, पण मायकवर वारा लागू देऊ नका आणि पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पावसाचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, त्यामुळे तो झांजा आणि गळा दोन्ही गिळतो. मिक्समध्ये त्याचं २०० हर्ट्झखालचं कापा, २ ते ४ किलोहर्ट्झमधलं थोडं खाली घ्या, आणि रिफ सुरू झाला की पाऊस चार मात्रांत संपवा. देवळात आरतीच्या वेळी गुपचूप घंटा टिपू नका. पुजाऱ्यांना विचारून दुपारी जा, तेव्हा मागचा गोंगाटही कमी असतो.

८. जॅमपॅड

सरावाच्या भाड्याच्या खोलीचे तासावर पैसे मोजता, तेव्हा चाल घरीच पक्की करा. ६६च्या लयीत दोन ठोक्यांमधली जागा मोठी असते आणि बँड हमखास पळतो. क्लिक १३२वर लावून आठव्यांवर सराव करा. प्रत्येक टेक फोनवर घ्या आणि शेवटच्या मिनिटाची लय मोजा. ७०च्या पुढे गेली असेल तर परत.

उतरवलेल्या गिटारचा सगळ्यात खालचा डी सुमारे ७३ हर्ट्झ, बासचा त्याखालचा डी सुमारे ३७. गिटारवर ८० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावा, नाहीतर ती बासच्या जागेत घुसते. छोट्या बारमधले स्पीकर ३७ हर्ट्झ देतच नाहीत, म्हणून बासला हलकं ओव्हरड्राइव्ह द्या. लोकांना मग त्याचा वरचा, ७३चा सूर तरी ऐकू येतो.

९. गिग

उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर चालत नाही, आणि इस्पितळ, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र. धोबीतलावच्या रंगभवनमध्ये आय-रॉक (इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव) वर्षानुवर्षं झालं आणि या नियमानेच तिथली मैफल बंद पडली. बंद सभागृहात सवलत आहे, पण आवाज बाहेर पडता कामा नये.

दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर त्या जागेकडे आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना आहे का ते आधी विचारा. मधल्या वेळात रेकॉर्ड लावायच्या असतील तर पीपीएलचंही (रेकॉर्डिंगच्या हक्कांची संस्था) विचारा. परवाना जागामालक किंवा आयोजक घेतो, पण पोस्टरवर नाव तुमचं असतं.

मशाली, कापूर, पेटते कुंड मंचावर नको. डिसेंबर २०१७मध्ये कमला मिल्सच्या आगीत १४ जणांचा जीव गेला. धुराचं यंत्र हवं असेल तर जागामालकाला आठवडाभर आधी सांगा, धुराचा अलार्म वाजला की कार्यक्रम तिथेच संपतो. भीतीसाठी खर्च करायचाच तर एका दिव्यावर करा: मागून येणारा, गायकाचा चेहरा अंधारात ठेवणारा.

साउंडचेकला पहिल्यांदा सगळ्यात शांत भाग वाजवा, सगळ्यात मोठा नाही. चकव्याच्या गाण्यात भेटीच्या ठोक्यानंतरची शांतता एसीच्या घरघरीत बुडत असेल तर ती एक मात्रा लांबवा किंवा तिथे बासचा एक सूर धरून ठेवा. आणि परतीची सोय आधी ठरवा. हार्डकेससकट लगेजच्या डब्यात जागा मिळते, पण शेवटच्या लोकलला बास ॲम्प घेऊन कुणी चढू देत नाही.